एकही प्रश्न सोडायचा नाही

चोवीस वर्षं पलटणीत काढून लालासाहेब हवालदार कडेगावजवळच्या आपल्या गावी परतले, त्याला आता बारा वर्षं होत आली. आल्या आल्या त्यांनी माळावर पोरं पळवायला घेतली. फुकट, बरं का. पहाटे पाचला हजर राहायचं, सोळाशे मीटर पळवून घ्यायचं, उशिरा येणाऱ्याला शिव्या घालायच्या. एकवीस पोरं त्यांच्या हाताखालून फौजेत भरती झाली. तेव्हा आधी मैदान असायचं, मग पेपर. पळण्यातच निम्मी गळायची, उरलेल्यांचा पेपराला कसाबसा निभाव लागायचा.

पुढं सगळं उलटं झालं. आधी संगणकावर पेपर, त्यात नंबर लागला तरच मैदान. शंभरात पस्तीस गुणांना पास म्हणे, पण नुसतं पास होऊन उपयोग काय, कपाळ! जास्त गुणवाल्यांपासून यादी लावत येतात, ती कितीवर थांबली ते कुणी सांगत नाही. लालासाहेबांची पोरं साडेपाच मिनिटांच्या आत पळायची आणि मैदान न बघताच घरी बसायची. पार जीव विटला होता लालासाहेबांचा.

तरी माळ सुटत नव्हता, कारण धाकटा मुलगा दिग्विजय. दोनदा पेपराला आपटला होता. भरतीच्या वयात तो बसत होता ते हेच शेवटचं वर्ष.

थोरली सून पूजा गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. रोज दुपारी दिराला पुढ्यात बसवून शिकवायची. "भाऊजी, चुकलं की गुण कापत्यात. येत न्हाई ते सोडून द्या," असं तिनं दहादा बजावलं होतं. ते लालासाहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"फौजेत जायचं आन् सोडून द्यायचं? एकबी प्रश्न सोडायचा न्हाई. म्या सोडला नव्हता."

त्यांच्या वेळी चुकलं तरी काही कापत नव्हते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पूजानं वही मिटली. सासऱ्यापुढं किती बोलणार?

सांगलीला परीक्षा झाली. महिन्याभरानं यादी लागली. पूजानं फोनवर ती तीनदा वरखाली केली. दिग्विजयचा नंबर नव्हता.

"किती प्रश्न सोडलंस रं?" लालासाहेबांनी विचारलं.

"एकबी न्हाई. बारा येत नव्हतं. तुमी सांगितलं हुतं, म्हणून दिलं ठोकून."

लालासाहेब सुनेकडं वळले. "त्यानंच गेला व्हय गं?"

"काय म्हाईत, मामा. गुण कळवत न्हाईत. फकस्त नंबर येत्यात."

मनात आणलं असतं तर ती टोमणा मारू शकली असती. मारला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पोरगा अर्ध्या गुणानं हुकला की वीस गुणांनी, हे आता मरेपर्यंत कळायचं नव्हतं.

चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी दिग्विजय बॅग भरायला बसला. शिरवळच्या एका कंपनीत मित्रानं काम बघितलं होतं. लालासाहेब शेजारी जाऊन बसले. मग म्हणाले, "माझं चुकलं रं."

दिग्विजयनं शर्टाची घडी घातली, बॅगेत ठेवली.

"वय संपलं, तात्या. आता कुणाचंबी चुकलं तरी काय?"