कंसातल्या ओळी

माझ्या आत्याला एकच आधार होता आणि तो मी काढून घेतला, तोही खरं बोलण्याच्या नावाखाली.

आमच्या चर्चच्या मंडळीत गुरुवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. गाणी होतात, बायबलमधून शास्त्रवाचन होतं, आणि चहाआधी प्रत्येकाने एकेक वचन तोंडपाठ म्हणायचं. आत्या दर वेळी एकच म्हणायची: व्यभिचारात धरलेल्या बाईला दगड मारायला आणतात आणि प्रभू येशू तिला दोषी न ठरवता जाऊ देतो, ते. बाया चेष्टा करायच्या.

"आत्या, दुसरं येतं का न्हाई तुमाला?"

"लई येत्यात. पर हे मला वळखतंय."

का ओळखतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी, नवरा सोडून गेल्यावर, एका माणसावरून गावात तिचं नाव खराब झालं. मंडळीच्या पंचांनी तिला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून घेतात ती भाकरी आणि द्राक्षारस, बंद केलं. पुढे चर्चला नवीन पाळक आले. त्यांनी उपासनेत हीच गोष्ट वाचली आणि हाताला धरून तिला प्रभुभोजनाच्या मेजापाशी नेलं. तेव्हापासून ती त्या गोष्टीच्या जोरावर जगत होती.

हे मला माहीत होतं. तरीही मी बोललो.

भिंगारला ऑफिसात जाता-येता बसमध्ये मी मोबाईलवर शास्त्राच्या जुन्या हस्तलिखितांवरची भाषणं ऐकायचो. सुरुवातीला हौस होती, मग भीती बसली. नेमकी हीच गोष्ट सगळ्यांत जुन्या प्रतींत सापडत नाही, असं ऐकलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन शास्त्र उघडलं. त्या ओळींना खरोखरच कंस होता. खाली बारीक अक्षरात टीप होती. इतकी वर्षं ते पान वाचूनही मला ती दिसली नव्हती. एक टाका उसवला, आता बाकीचं किती टिकेल? प्रार्थनेला डोळे मिटले की समोर कोणीच नाही असं वाटायचं. बायकोलाही सांगितलं नाही. मी आता त्याच मंडळीचा पंच होतो.

त्या आठवड्यात प्रार्थना आमच्या घरी होती. आत्याने वचन म्हटलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, ही गोष्ट मुळात शास्त्रात नव्हतीच. मागाहून कोणीतरी घातलीय."

आत्याने विचारलं,

"मंग मला सोडलं कुनी?"

बायकोने चहा आणला.

पुढच्या गुरुवारी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या." प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट तिच्यापर्यंत आलं. तिने ते हात न लावता पुढे सारलं. पाळकांना वाटलं तब्येत बरी नसेल. मी मान खाली घातली.

मग खरंच तिची तब्येत बिघडली. छातीत दुखायला लागलं म्हणून तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं. पाळक प्रभुभोजन द्यायला आले तर म्हणाली, "नगं. माझा निकाल व्हायचाय अजून."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. देव असेल तर याचा जाब मला द्यावा लागणार होता. नसेल, तर तिला सोडवणारं माझ्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं. ती अशीच गेली तर?

पाळक गेल्यावर मी तिच्याजवळ स्टूल ओढलं.

"आत्या, मी तुला अर्धंच सांगितलं. जुन्या प्रतींत ती गोष्ट नाही, हे खरं. पण ती लोकांच्या तोंडी फार आधीपासून असावी, असंही त्या प्रती अभ्यासणारी तीच माणसं सांगतात. ते मी गिळलं."

"का रं?"

"भ्यालो होतो. माझा विश्वास हलला होता. एकट्याला सोसेना, म्हणून तुझाही हलवला."

"आन् आता तुला खरी वाटती व्हय ती?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला तेवढंच हवं होतं.

"नक्की सांगता येत नाही, आत्या. मला अजून भीती वाटते. पण पाळकांनी तुला मेजापाशी नेलं, तेव्हा मी पुढच्या सतरंजीवर बसलो होतो. तू रडत होतीस. ते माझ्या डोळ्यांदेखत झालंय, मागाहून कोणी घातलेलं नाही. तुला त्या मेजावरून उठवून परत दारात उभं करायचा मला हक्क नव्हता. मी चुकलो. मला माफ कर."