आईच्या हातातली करवत

अन्याय माझ्या आईवर झाला. यंदा श्रावणातल्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, ग्योतोकु या जपानी उपनगरात, आमच्या घराजवळच्या होम सेंटरमध्ये, हत्यारांच्या रांगेत. करणारे परके नव्हते. बाबा आणि दादा.

आई पुण्यात शाळेत कार्यानुभव शिकवायची. पोरांच्या हातात करवत, पटाशी, रंधा द्यायची. बाबांच्या नोकरीपायी इथे आली आणि ‘सोबत आलेली बायको’ झाली. व्हिसावर तेच, घरातही तेच. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या बोटांतली ताकद जायला लागली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही : हे वाढत जाणार. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “बाल्कनीत मला एक फळी टाकून द्या. गणपतीचा चौरंग मी करते. बोटं चालताहेत तोवर.”

म्हणून आम्ही चौघं हत्यारं घ्यायला गेलो.

तिने बघून बघून एक करवत उचलली. इथली करवत ढकलताना नाही, ओढताना कापते. तिने ती हवेत ओढून पाहिली. “ही जमेल मला. ओढायला जोर कमी लागतो.”

“करवत कशाला?” बाबा म्हणाले. “इथे मशीनवर कापून देतात. एका मिलिमीटरचा फरक नाही.”

“आणि भोकांना ड्रिल घेऊ,” दादा म्हणाला. तो तोयोसुतल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. बॅटरीवर चालत नाही ते त्याला हत्यारच वाटत नाही. “आई, तू नुसतं जोडायचं. मस्त!”

“कापणार दुकान, भोकं पाडणार तू. आणि मी काय, डिंक चोळू?”

दोघं हसले. विक्रेताही हसला, काही न कळता. सगळं बोलणं तो बाबांशीच करत होता. मी आवाज चढवला, तर आईच म्हणाली, “अगं, दुकान आहे हे. तुझी पत्रकं वाटायची जागा नाही.”

बाबांनी करवत तिच्या हातातून घेतली आणि परत खुंटीला लावली. प्रेमाने घेतली, हेही लिहायलाच हवं. “हाताला लागेल गं तुझ्या.”

ड्रिल तिला पेललं नाही. चौरंग दादाने एका संध्याकाळी जोडून टाकला. आईच्या वाट्याला पॉलिशपेपर आला.

गणपती बसले. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून मावशी ओरडली, “अय्या ताई, तू केलास?”

“छे गं,” आई म्हणाली. “तयार मिळतो इथे.”

दादाने मान खाली घातली. बाबा निरांजनाची वात सारखी करत राहिले, ती नीटच होती तरी.

दिवाळीत बाबा एकटेच जाऊन ती करवत घेऊन आले. आईने मुठीभोवती बोटं ठेवली. ती मिटेनात. डाव्या हाताने दाबून मिटवून पाहिली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “पण धार चांगली आहे हो.”

बाबा स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

काळजी होती, म्हणाल. होतीच. त्या काळजीनेच तिच्या हातांचे उरलेले महिने खाल्ले.

तुमच्या घरात कुणी हत्यार मागत असेल, तर तिला काय झेपेल ते तुम्ही ठरवू नका. येत्या रविवारी तिला दुकानात न्या. ती उचलेल ते घ्या. आणि घरी येईपर्यंत तोंड बंद ठेवा.