नूरबीचा उघडा हात

पारोळ्याच्या मन्यार गल्लीतली नूरबी बांगड्या भरायला बसली, की समोरच्या बाईचा हात मेणासारखा मऊ व्हायचा, असं माझी आजी मंजुळाबाई सांगायची. पंजा दाबायचा, अंगठा आत वळवायचा, मध्येच तिच्या माहेरची चौकशी करायची, आणि तिच्या डोळ्यांत पाणी येण्याआधी घट्ट मापाची बांगडी मनगटावर. दोरीत ओवलेल्या माळा उजव्या खांद्यावर टाकून नूरबी आसपासची खेडी पायी फिरायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर तिला जेवायलाही सवड नसे. लेकी माहेरी आलेल्या, निंबांना झोके बांधलेले, आणि प्रत्येक ओट्यावर तिची वाट बघत बसलेल्या पोरी.

एकोणीसशे वीसच्या आखाजीत ती माळ डाव्या खांद्यावर घेऊन आली. आजीच्या ते लगेच लक्षात आलं. विचारलं तर नूरबी म्हणाली, झोपेत हात अवघडला. पण चुलीपाशी चहा घ्यायला बसली तेव्हा पदर सरकला आणि चोळीवर ओला डाग दिसला. आजीनं दार लोटलं आणि चोळी सोडायला लावली.

उजव्या स्तनाची कातडी लिंबाच्या सालीसारखी झाली होती. खाली दगडासारखी गाठ, एका बाजूला जखम, आणि काखेत भुईमुगाच्या शेंगेएवढ्या आणखी गाठी. दोन वर्षांपासून होतं म्हणे. सासू शहजादीला तेवढं माहीत होतं. हकिमाचे लेप झाले, जळवा लावून झाल्या, दर्ग्यावरचा ताईत दंडाला बांधून झाला. नवऱ्याला, सत्तारला, तिनं सगळं सांगितलंच नव्हतं. असली गोष्ट पुरुषाला कशी सांगायची?

आजीची आई याच दुखण्यानं गेली होती. मागच्या खोलीत, लेप लावता लावता, वासानं घरातली माणसंही आत जाईनाशी झाली तोवर. आजी नूरबीला म्हणाली, "मनी माय असंच दपाडता दपाडता मरी गयी. तू दपाडू नको." दपाडणं म्हणजे लपवणं. नूरबीनं चोळी बांधली आणि विचारलं, धुळ्याला गाडी कधी निघते?

गाडी माझ्या आजोबांनी, अभिमननानांनी जुंपली. शहजादी दारात आडवी उभी राहिली. परक्या माणसांपुढे अंग उघडं करायचं, चाकू चालवून घ्यायचा, हे तिला पटत नव्हतं. जे नशिबात असेल ते घरात राहून भोगावं, असं तिचं म्हणणं. नूरबीनं तिच्या पायांना हात लावला आणि बाजूनं निघून गाडीत चढली. सत्तार लाखेच्या बांगड्या घडवायचा. मोजकं बोलणारा माणूस. त्यानं भट्टीतले निखारे विझवले, हात पुसले आणि तोही गाडीत जाऊन बसला.

धुळ्यात पांझरेच्या काठाला बायकांचा एक लहानसा दवाखाना होता. तिथं कुंदाबाई नावाच्या डॉक्टरीण होत्या, मुंबईत शिकलेल्या, कडक आणि कमी हसणाऱ्या. त्यांनी नूरबीला तपासलं, काख पुन्हा पुन्हा चाचपली आणि सत्तारला व्हरांड्यात बोलावलं. नूरबी खाटेवरूनच म्हणाली, अंग माझं आहे, जे सांगायचं ते इथं सांगा.

कुंदाबाई आत आल्या. "मी कापीन," त्या म्हणाल्या, "पण हे काखेत पोचलंय. मुळं किती खोल गेलीत ते मला सांगता येणार नाही. वर्षभर मिळेल, फार तर दोन. तुला खोटी आशा लावणार नाही."

"तुम्ही कापा, बाई," नूरबी म्हणाली. "वरसे मी मोजसू."

शस्त्रक्रियेआधी हातातल्या बांगड्या काढायच्या होत्या. उजवा हात सुजायला लागला होता, त्यामुळे त्या उतरेनात. परिचारिका हिंदू होती. सवाष्ण बाईच्या बांगड्या आपल्या हातानं फोडायला तिचा जीव होईना. नूरबीनं तिचं तोंड बघितलं आणि मनगट खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटलं.

क्लोरोफॉर्म उतरला तेव्हा छातीची एक बाजू सपाट होती आणि काखेपर्यंत पट्ट्या बांधलेल्या होत्या. जखमेत पू झाला, ताप आला, एकदा तर सत्तारला रात्रभर थांबायला सांगितलं. नूरबी त्यातून उठली. घरी परतायला पावसाळा उजाडला.

खरी कसोटी नंतर लागली. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून जड झाला, तो पुन्हा उतरलाच नाही. डोक्यापर्यंत जाईना, आणि बांगडी चढवायला जी पकड लागते ती बोटांत राहिली नाही. मग ती डाव्या हातानं बांगड्या भरायला शिकली, आणि शिकली ती सत्तारच्या हातावर. दुपारी भट्टी थंड झाली की तो मुकाट्यानं आपला राठ पंजा पुढे करायचा. बांगड्या फुटायच्या, त्याचं मनगट ओरखडायचं. गल्लीतली पोरं खिदळायची. सत्तार हात मागे घ्यायचा नाही.

दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा खेड्यांत जाऊ लागली. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, उजवा हात मोकळा. बायका तो हात बघून बिचकल्या. बांगड्या भरणारीचाच हात उघडा म्हणजे अपशकुन, तो तर विधवेचा हात. काहींना वाटलं, रोग काचेतून लागेल. भिकुबाई नावाची एक वजनदार म्हातारी होती. तिनं सुनांना आत पाठवलं आणि नूरबीला ओट्याखालीच उभं केलं. त्या उघड्या हातानं आमच्या सुनांना शिवू नको म्हणाली.

नूरबीनं माळ खाली ठेवली. बाही वर सारली आणि सुजलेला हात सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला. "मना घरवाला जित्ता शे, मी बी जित्ती शे. हात सुजना म्हनीसन बांगडी नही. देखी ल्या."

त्या घरानं त्या दिवशी बांगड्या घेतल्या नाहीत. नूरबी शेजारच्या ओट्यावर बसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, पुन्हा शेजारी बसली. संक्रांतीला भिकुबाईच्या धाकट्या सुनेनंच तिला आत बोलावलं.

दरवर्षी ती धुळ्याला दाखवून यायची. दोन वर्षं सरली, तिसरं सरलं. कुंदाबाई व्रणावरून बोटं फिरवायच्या, काख बघायच्या, ये पुढच्या वर्षी म्हणायच्या. वर्षांचा हिशेब त्यांनी पुन्हा काढला नाही.

सत्तावीस साली व्रणाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी आल्या. दोन महिन्यांत त्या वाढल्या, पाठही दुखू लागली. यावेळी नूरबी घाबरली. आजीकडे आली आणि भिंतीला टेकून नुसती बसली. पण लपवलं नाही. चौथ्या दिवशी ती धुळ्यात होती.

कुंदाबाईंनी सांगितलं की आता नुसतं कापून भागणार नाही. विलायतेतल्या डॉक्टरांनी एक उपाय लिहिला होता. पोटातली अंडाशयं काढली की काही बायकांच्या अशा गाठी विरतात. काहींच्या विरत नाहीत. "मी स्वतः हे अजून कुणावर केलेलं नाही," त्या म्हणाल्या. पाळी बंद होईल, पुढे मूल होणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

नूरबीला एकच मुलगी होती. शहजादी नातवाच्या आशेवर म्हातारी झाली होती. ती रडली, सत्तारला दुसऱ्या लग्नाचं सुचवून बघितलं, मावसबहिणीची पोर कशी निरोगी आहे ते सांगितलं. सत्तार लाख वळत होता. त्यानं मान वर केली नाही. "मेरे को नूरबी होना," तो म्हणाला. मला नूरबी हवी. यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही.

दुसरी शस्त्रक्रिया झाली. महिनाभर काहीच फरक दिसला नाही. नंतर ज्वारीच्या दाण्याची बाजरी झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बोटांखाली काही लागेना. पाठदुखीही थांबली. कुंदाबाईंनी आपल्या दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. असं का होतं ते मलाही पुरतं ठाऊक नाही, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नूरबीसाठी चहा मागवला.

तेव्हापासून नूरबीनं एक नवंच काम अंगावर घेतलं. ओट्यावर बांगड्या भरून झाल्या की ती एकेकीला आतल्या खोलीत न्यायची, तिथं पुरुष नसतात. ती दार लोटून घ्यायची आणि बाईला सरळ विचारायची, अंगावर कुठं गाठ आहे का? कुणी लाजायची, कुणी रागवायची. मग ती स्वतःची चोळी सोडून दाखवायची.

ताईबाई नावाच्या एका बाईला तिनं असंच धुळ्याला पाठवलं. पण ताईबाईनं दोन वर्षं दडवलं होतं, फार उशीर झाला होता. ती दवाखान्यातच गेली. गावात बोलणं उठलं की नूरबीनं तिला कापायला पाठवून मारलं. ताईबाईचा दीर चिंधा तापट होता. त्यानं मन्यार गल्लीत येऊन सांगितलं, आमच्या गावात पाय ठेवशील तर बघ.

नूरबी दोन दिवस जेवली नाही. ताईबाईवर तिचा जीव होता. तिसऱ्या दिवशी तिनं माळा उचलल्या. गावात ती गेली नाही, शिवेबाहेरच्या विहिरीपाशी चिंचेखाली फडकं पसरून बसली. पाणी भरायला बायका येणारच होत्या. चिंधा काठी घेऊन आला.

"ताईबाई दवाखानामुये नही गयी," नूरबी बसल्या जागेवरून म्हणाली. "दोन वरीस दपाडं तिनी, म्हनीसन गयी. तू माले हाकली दे. मी उद्या परत येसू."

बायका घागरी घेऊन थबकल्या होत्या. चिंधा थुंकून निघून गेला. नूरबी दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी एक तरणी बाई घागर ठेवून तिच्याजवळ बसली. बांगडी बघायच्या निमित्तानं तिनं नूरबीचा डावा हात धरला आणि पदराखाली नेला. बोराच्या बीएवढी गाठ होती. ती वच्छलाबाई, चिंध्याचीच बायको.

त्या घरात काय बोलणं झालं ते बाहेर कुणाला कळलं नाही. दोन दिवसांनी चिंध्यानं स्वतः गाडी जुंपली. वच्छलाबाई पुढे, शेजारी नूरबी, आणि गाडी धुळ्याच्या वाटेला. वच्छलाबाई बरी झाली. तिला पुढे दोन मुलगे झाले. चिंध्यानं आपली बंदी उठवली असं कधी म्हटलं नाही. चिंचेखाली एक बाज मात्र आणून टाकली, जमिनीवर बसून नूरबीची पाठ भरून येते म्हणून.

सगळ्याच वाचल्या नाहीत. नूरबी कुणाला तसं सांगतही नव्हती. स्वतःची पाठ दुखली की एखादा दिवस ती गप्प गप्प असायची, सत्तारशीही बोलायची नाही. थंडीत हात ठणकायचा. केस विंचरायला लेकीची मदत लागायची, आणि लेक सासरी गेल्यावर ते काम सत्तारनं उचललं. भांग कायम वाकडा. त्यावरून कुणी बाई हसली तर नूरबी तिलाच विचारायची, तुझा नवरा विंचरतो का?

मी तिला पाहिलं ते सत्तेचाळीसच्या आखाजीत. मी सात वर्षांची होते. साठीला आलेली, काळीसावळी, मोठ्या आवाजाची बाई ओट्यावर बसली होती. जाड उजवा हात मांडीवरच्या उशीवर टेकवलेला, डाव्या हातानं ती माझ्या आत्याला बांगड्या भरत होती. आधी मला त्या हाताची भीती वाटली. तिनं ते ओळखलं आणि माझी बोटं त्यावर ठेवली. हात गरम होता, कणकेसारखा दबायचा. मग तिनं माझ्या आईला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि काही वेळानं दोघी हसत बाहेर आल्या.

आजी तिला म्हणाली, आता पुरे कर, वय झालं, ऊन लागतं, किती गावं फिरशील? घरी बसून नातवंडं खेळव.

"घर बसीसन कोन वाचनं, मंजुळा?" नूरबी म्हणाली. तिनं माळ डाव्या खांद्यावर चढवली, आजीकडून पाण्याचा तांब्या घेऊन उभ्यानंच प्यायली आणि पुढच्या गावाच्या वाटेला लागली. तिथं कुणाच्या तरी सुनेनं तिला निरोप धाडला होता.