फरासान बेट: जायची बोट बुक, यायची विसरले

राज्यशास्त्रात बी.ए. झालेल्या माणसाला, त्यातून घरातल्या पहिल्या पदवीधराला, एक खोड लागते: कुठेही गेलं की तिथलं सरकार शोधायचं. सौदीत जिझानला अब्बांकडे व्हिजिट व्हिसावर आले आणि नकाशात समोरच, तांबड्या समुद्रात, फरासान बेटं दिसली. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की तिथले लोक आपला कारभार आपणच बघतात. मी लगेच प्रश्नावली तयार केली.

खरं कारण वेगळं होतं. मुंबईत एम.ए.ला प्रवेश मिळाला होता, होस्टेलही, आणि होकार कळवायला पाच दिवस उरले होते. अब्बा "बघू" म्हणत होते. आमच्या कोकणातल्या, दिघीच्या घराचा कारभार अठरा वर्षं जिझानहून फोनवर चालतो. या सरकारात "बघू" म्हणजे फाइल कपाटात. निदान बोटीवरून त्यांना उठून जाता येणार नाही, असं मला वाटलं.

जाणाऱ्यांसाठी: बोट फुकट आहे. खरंच. फक्त इकाम्याचा, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याचा, किंवा पासपोर्टचा नंबर टाकून आधी ऑनलाइन बुकिंग करायचं. ते मी केलं, आणि अब्बांनी "आमची पोर बघा" अशा चेहऱ्याने बंदरावर सगळ्यांना मोबाइल दाखवला. तासाभराचा प्रवास, आत एसी इतका की शाल न्या.

"अब्बा, होस्टेलला मुलींची इमारत वेगळी आहे."

"तो बघ गो, डॉल्फिन."

डॉल्फिन नव्हता. मी तीनदा विषय काढला, तीनदा डॉल्फिन आला.

भूगोल सोपा आहे. डोंगर नाही, नदी नाही. प्रवाळाचा सपाट पांढुरका खडक, काठाला खारफुटी, आणि पाणी इतकं निळं की फोटो खोटा वाटतो. हरणं आहेत म्हणतात, आम्हाला त्यांची पाटी दिसली. मोत्यांच्या जुन्या व्यापाऱ्याचं नक्षीदार घर मात्र चुकवू नका. दुपारी तळलेला मासा आणि भात, दोघांत साठ रियाल. अब्बा म्हणाले, "मासा बरा आहे, पण कोकमाचं आगळ नाही." हे ते अठरा वर्षं म्हणतायत.

मग सरकार. आमचा टॅक्सीवाला बेटावरचाच, वयस्कर. मी विचारायचं, अब्बांनी अरबीत सांगायचं.

"इथले निर्णय कोण घेतं?"

"मुहाफिज, म्हणजे इथला मोठा अधिकारी."

"तो कुणाला विचारतो?"

"जिझानला."

"आणि जिझान?"

टॅक्सीवाल्याने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून उत्तरेकडे, रियाधच्या दिशेने, दाखवला. प्रश्नावलीत अजून अकरा प्रश्न होते. अर्थव्यवस्थेचा धडा त्याने न विचारता दिला: मासळी बोटीने जाते, भाजी, सिमेंट आणि पाहुणे बोटीने येतात, आणि समुद्र खवळला की कांद्याला भाव येतो. स्वायत्तता ती हीच असावी.

दुपारनंतर परतीच्या बोटीसाठी बंदरावर आलो. खिडकीतल्या तरुणाने मोबाइल पाहिला, परत दिला आणि नम्रपणे सांगितलं की हे फक्त बेटावर यायचं बुकिंग आहे. बरोबर. दिघीला खाडी ओलांडणाऱ्या बोटीवर, जंगलजेटीवर, चढायचं आणि तिकीट तिथेच फाडून घ्यायचं. जाताना जातानाचं, येताना येतानाचं. समुद्राकाठी वाढलेल्या मुलीला बोटीचं काय शिकवायचं?

बोट भरली होती. "बुकरा," तो म्हणाला. उद्या.

अब्बांचा चेहरा उतरला. उद्या शनिवार, सकाळी सातला ड्युटी, कंपनीच्या स्टोअरची चावी त्यांच्या खिशात. "अठरा वर्षांत एक खाडा नाही गो बाय." त्यांनी त्यांच्या सुपरवायझरला, नाशिकच्या पाटीलसाहेबांना फोन लावला. बोलताना ते चक्क उभे राहिले.

"साहेब, माफी करा, स्टोअर उघडायला मी..."

"अहो हमीदभाई, ऑफिसात दुसरी चावी आहे की. मासे खा, पोरीला फिरवा."

"दुसरी चावी? कधीपासून?"

"पहिल्यापासून."

अब्बांनी खिशातली चावी काढून पाहिली आणि परत ठेवली. दोनशे रियालची खोली घेतली, स्वच्छ होती. जेवताना मी होस्टेलबद्दल एक शब्द काढला नाही. सुशिक्षित माणसाला इतपत कळतं.

सकाळच्या बोटीत तेच म्हणाले, "होस्टेलात मासळी देतात काय?"

"शुक्रवारी."

"मग कळव त्यांना."

मी तिथूनच कळवलं. स्वायत्तता मिळाल्याच्या आनंदात महिनाभराने दिघीला आले आणि अम्मीला बातमी पेढ्यासारखी दिली. ती तांदूळ निवडत होती.

"अब्बांनी ठरवलं?"

"हो."

"बरं झालं. तू बघतेस ती पाण्याची मोटर, बँक, धाकट्याचा अभ्यास, हेही त्यांनीच ठरवलंय काय? की ते फोनवरून करणार?"

परवानगी मागायला मी समुद्र ओलांडून गेले होते, पुढे आणखी एक बेट केलं होतं. स्वयंपाकघरात विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. तीन वर्षं राज्यशास्त्र शिकले, फर्स्ट क्लासही आहे.

मी खाली बसले. मोटर, बँक, अभ्यास, एकेक बोलत गेलो. शनिवार-रविवारचं काय, हेही ठरलं. मग तिने होस्टेलचा कागद मागितला. अम्मी सातवी शिकलेली. नियम बोट ठेवून वाचत गेली आणि शेवटच्या, सहीच्या ओळीवर थांबली.

"इथं अब्बाच लिहिलंय काय?"

"नाही. पालक."

तिने ओढणीला हात पुसले आणि पेन मागितलं.