आत कोणी आहे का?

पेठेकाका गाडीची डिकी लावण्याआधीसुद्धा तिच्यावर टकटक करायचे. "आत कोणी आहे का?" असं विचारायचे, क्षणभर कान द्यायचे, मगच बंद करायचे. आमची पोरं मुद्दाम गाडीमागे लपून "येस!" म्हणायची. सगळे हसायचे. काका मात्र पांढरेफटक पडायचे.

ही सवय त्यांना कॅप्टनने लावली. हा कॅप्टन एकोणिसाव्या शतकातला, जहाजावरचा. त्याच्या किनाऱ्यावरच्या घराचं आता म्युझियम झालंय. रिटायर झाल्यावर काका इथून, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावाहून, तिथे फुकट गाइडगिरी करायला जायचे आणि त्याच्याबद्दल सख्ख्या चुलत्यासारखं बोलायचे. "वादळात जहाजात पाणी शिरायला लागलं, तेव्हा त्याने तळाच्या कोठाराचं झाकण ठोकून बंद केलं. जहाज वाचलं गं, पण धाकटा भाऊ खालीच राहिला होता. आतून ठोकत होता बिचारा." मग कॅप्टनने समुद्र सोडला आणि जहाजं बांधायला घेतली. प्रत्येक जहाजाची शेवटची फळी बसवण्याआधी तो लाकडावर टकटक करून तोच प्रश्न विचारायचा.

त्याचं शेवटचं गलबत मागच्या शेडमध्ये अजून उभं आहे, एका फळीची जागा उघडी ठेवून.

"अर्धवट का सोडलं?" मी विचारलं.

"त्या दिवशी उत्तर आलं म्हणे."

"काका, सीरियसली?"

"अगं, वाळताना लाकूड आवाज करतं. सिंपल गोष्ट आहे. ती फळी मी बसवणार."

काकांनी म्युझियमची परवानगी काढली आणि मोठ्या हौसेने फळी तासली. बसवायच्या दिवशी मी बरोबर होते. त्यांनी टकटक केलं, विचारलं, कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. काकांनी हातोडी हळूच खाली ठेवली. "चल, मला घरी सोड." मला त्यांची भीती वाटली, आणि त्याहून जास्त माया.

पुन्हा ते तिकडे फिरकले नाहीत. काकूंच्या मागे मात्र लागायचे, "माझ्या वेळी नक्की विचार हं. घाईघाईत उरकू नका."

"काहीतरी अभद्र बोलू नका!" काकू चिडायच्या.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. फ्युनरल होममध्ये मंत्र झाले, फुलं वाहून झाली, पेटीचं झाकण लागलं. तिथली माणसं ती दाहिनीत सरकवणार, तेवढ्यात काकू पुढे झाल्या. त्यांनी लाकडावर टकटक केलं.

"अहो, आहात का आत?"

कोणी हललं नाही. काकूंनी झाकणाला कान लावला. बऱ्याच वेळाने मान वर करून त्या हळूच म्हणाल्या,

"थांबा जरा."