जन्म मोजायचं माप

मुलांनो, मागच्या सुटीत तुम्ही दोघं इथे आलात आणि पहिल्याच दिवशी जेवताना भांडलात. एकाचं म्हणणं, आमच्या इंग्लंडात आता खुन्याला फाशी देत नाहीत. दुसरीचं म्हणणं, आमच्या अमेरिकेत एका राज्यात देतात, शेजारच्या राज्यात देत नाहीत. त्याच गुन्ह्याचा कैदी कुठे काही वर्षांनी घरी येतो, कुठे आतच मरतो. मी तोंड उघडलं तर "आजी, हे कायद्याचं आहे, तुला नाही कळायचं," म्हणून तुम्ही माझ्या पानात कोशिंबीर वाढलीत. जेवताना वाद घालायचा नाही हा माझा नियम असल्याने मी गप्प बसले. पण गिळलेला राग मला पचत नाही. म्हणून आज टेबल आवरून लिहायला बसले आहे. तुमच्या आजोबांच्या मावशी या उभ्या वऱ्हाडातल्या सगळ्यात रागीट बाई होत्या, आणि कायदा हद्दीहद्दीला कसा बदलतो हे मला त्यांच्या रागाने शिकवलं, कुठल्या पुस्तकाने नाही.

मावशींचा राग त्यांच्याआधी उठत असे. सूर्य उशिरा उगवला तर आळशी, लवकर उगवला तर आगाऊ. नांगरताना बैल चुकीच्या तासात शिरला तर त्याला मारत नसत. त्याच्यासमोर उभ्या राहून, तो मान खाली घालेपर्यंत त्याची चूक समजावून सांगत. केनवडच्या बाजारात एकदा त्यांनी माठ वाजवून पाहिला, त्याचा आवाज त्यांना खोटा वाटला, आणि "मडकंबी खोटं बोलाले लागलं," म्हणून त्यांनी असा काही आवाज चढवला की शेजारच्या मिरचीवाल्याने न मागता भाव उतरवला. मी तेव्हा नव्यानेच लग्न होऊन वाशीमला आलेली, इंग्रजी शिकलेली सून. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मावशी दारात कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सूनबाई, तुह्या घरात मीठबी वर्दी घालून उभं हाय वं! हळदीची हाजरी घेतं का रोज?" आणि मी रडकुंडीला येते आहे असं दिसताच पदराखालून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या तोंडात कोंबला. "खाय. खारकीवानी वाळली हायस. वकिलाच्या घरी नुसते कागद खातेत का?" त्यांचं प्रेमही रागाच्याच आवाजात येई, त्यामुळे घरातली मांजरं दोन्हींत गोंधळत.

मावशींचं गाव रिसोडच्या खाली, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. पलीकडे निजामाचा मुलूख, ज्याला आम्ही मोगलाई म्हणत असू; अलीकडचा वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच, पण राज्य इंग्रजांचं. नदी उतरली की दोन्ही काठांची माणसं वाळूत टरबुजाच्या वाड्या लावत. पण नदी दर पावसाळ्यात कूस बदले. गेल्या वर्षी इंग्रजांची असलेली वाळू यंदा निजामाची होई, आणि मग बाचाबाची ठरलेली. त्या उन्हाळ्यात बाचाबाचीवर भागलं नाही. मावशींचा मुलगा सखाराम आणि त्यांचा पुतण्या एका बाजूला, पलीकडच्या गावचा एक तरुण दुसऱ्या बाजूला. पहिली काठी पुतण्याची, दुसरी सखारामची. तो तरुण वाळूतच मेला. पुतण्या नदी ओलांडून पळाला आणि मोगलाईत पकडला गेला. सखाराम घरी येऊन आईच्या पायाशी बसला आणि इंग्रजांच्या पोलिसांनी त्याला तिथून नेलं.

आता कायदा ऐका. एकच भांडण, एकच वाळू, एकच मेलेला माणूस. अकोल्याच्या कोर्टाने सखारामला फाशी सांगितली. तुमच्या आजोबांनी नागपूरच्या वरच्या कोर्टात धाव घेतली तेव्हा ती जन्मठेपेवर आली. पलीकडे हैदराबादेच्या राज्यात फाशी लिहिली तरी खुद्द निजामाची मंजुरी लागे, आणि ती सहसा मिळत नसे. पुतण्याला कैद झाली, आणि पुढे कधीतरी तिकडे सरकारी आनंदोत्सव निघाला त्यात कैदी सोडले, त्यांत तोही सुटला. सखाराम नागपूरच्या तुरुंगात सतरंज्या विणत असताना पहिली काठी मारणारा गळ्यात झेंडूची माळ घालून काकूच्या, म्हणजे मावशींच्या, पाया पडायला आला. मावशींनी त्याला पिठलं-भाकरी वाढली आणि समोर बसून म्हणाल्या, "जेव. पोटभर जेव. फक्त घासागनिक लाज वाटू दे." तो जेवला. लाज वाटली की नाही ठाऊक नाही, पण भाकरी तीन वेळा मागून घेतली, आणि मावशींनी तीनही वेळा वाढली.

तो गेला आणि मावशींनी बोचकं बांधलं. त्यांची मुलगी पलीकडे दिली होती. "या सरकारचं पानी नाई पेनार. अठीच्या काठाले पुन्हा पाय नाई लावनार. मरन त मोगलाईत मरन!" एवढं बोलून त्या नदी उतरून गेल्या आणि शब्दाला जागल्या. लग्नकार्यांना त्या येत त्या पलीकडच्या काठापर्यंतच. तुमच्या आईच्या बारशाला आम्हाला पाळणा घेऊन वाशीमहून नदीवर जावं लागलं. मावशी वाहत्या धारेच्या त्या बाजूला, आम्ही या बाजूला. हद्द धारेच्या मधोमध आहे असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. बाळाला धारेवरून त्यांच्या हातात दिलं, तर एक काकू म्हणाल्या, "आता पोरगी निजामाची झाली, परत मागाले अर्ज लागन!" सगळे हसले. मावशीही हसल्या असत्या, पण तेवढ्यात त्यांना तुमचे आजोबा दिसले.

"वकील! जन्मठेप म्हंजे किती?"

"मावशी, आज बारसं आहे."

"बारसंच हाय म्हनून इचारून राह्यली. जल्माचीच गोठ हाय. किती?"

आजोबांनी धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं आणि धारेत उभं राहून समजावलं की जन्मठेप म्हणजे म्हटलं तर जन्मभर. पण हिशेबाला सरकार काही वर्षं धरतं. त्यातून चांगल्या वर्तणुकीची माफी वजा होते. तरीही सोडायचं की नाही ही सरकारची मर्जी. आणि प्रत्येक राज्याची मर्जी वेगळी.

"कापड मोजाले गज हाय," मावशी ओरडल्या, "जवारी मोजाले पायली हाय. आन मानसाचा जल्म मोजाले तुमच्यापाशी मापच नाई? आन हा वऱ्हाड कोनाचा? नावाले निजामाचाच ना? मंग मुलूख त्याचा आन फाशी इंग्रजाची, हे कोनत्या बुकात हाय?"

आजोबा धारेबाहेर येऊन धोतर पिळू लागले.  मी सखारामचा निकाल इंग्रजीतून वाचला होता. सुरेख भाषा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यात पुतण्याची पहिली काठी स्वच्छ लिहिलेली होती, आणि पुढे एक ओळ, की त्याचा न्याय या कोर्टाच्या हद्दीबाहेरचा आहे. ती ओळ आठवली की आजही माझे कान तापतात. लिहिणाऱ्याचा हातसुद्धा अडखळला नाही.

पण मीही त्या रागात एक गोष्ट विसरले होते, आणि ती मला मावशींनीच दाखवली. एका दुपारी आम्ही दोघीच धारेच्या दोन बाजूंना पाय सोडून बसलो होतो. मी म्हणाले, "तो पोरगा पलीकडे मेला असता तर सखाराम आज घरी असता."

मावशींनी पाय धारेतून वर घेतले. मग म्हणाल्या, "तो तिकडंच मेला होता, सूनबाई. त्याले इकडं म्या आनवलं. गडी म्हने, तिकडचे शिपाई पैसे खातेत, आठ-आठ दिस गावात कोंबड्या झोडतेत. म्या म्हटलं, लाश आपल्या काठाले आना. इंग्रज सायेब खरंखोटं पाह्यते, लेकराचा न्याव करन. माह्याच तोंडानं सांगतलं." आमच्याकडे सगळ्यांचीच तशी समजूत होती, की प्रेत ज्या काठावर, खटला त्या राज्यात. मावशींनी आपल्या मुलासाठी चांगलं राज्य निवडलं होतं.

"आन त्याची माय मले बाजारात भेटते," त्या म्हणाल्या. "मी रोज शिव्या देऊन राह्यली सरकारले, ते तिनं आयकलं. म्हने, तुहा आज ना उद्या येईन व बाई. माहा कोनत्या राज्यातून येईन?"

त्यानंतर मावशींचा राग कमी झाला असं म्हणायची सोय नाही. तो वाढलाच. फक्त शिव्या देताना त्या मधेच थांबू लागल्या.

पुढे सखाराम सुटला, पण अटींवर: महिन्याला ठाण्यात हजेरी, आणि इंग्रजी हद्द ओलांडायची नाही. ओलांडली तर उरलेली शिक्षा पुन्हा सुरू. म्हणजे मुलगा पलीकडे जाऊ शकत नव्हता, आणि आईने अलीकडे न येण्याची शपथ घेतलेली. आजोबा निरोप घेऊन गेले तर मावशींनी त्यांना दारातूनच परतवलं. "सोडलं म्हनता आन दावं बांधून ठेवता? त्याले म्हना, मी नाई येत. सांगतलं ना, नाई येत!" आजोबा येऊन खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा मी त्यांना कायद्याला शिवी देताना ऐकलं.

चौथ्या दिवशी आम्ही सखारामकडे त्याच्या गावी गेलो होतो, तेव्हा नदीवरून माणूस धावत आला: मावशींची बैलगाडी नदीवर दिसते आहे. आम्ही पोचलो तेव्हा गाडी वाळूत उभी होती आणि मावशी खाली उतरून धारेतून चालत येत होत्या. प्रत्येक पावलाला एक शिवी: न्यायाधीशाला, निजामाला, नदीला, बैलांना, मला. त्यांच्या हाताला धरून आणखी एक म्हातारी चालत होती. मेलेल्या मुलाची आई. मावशी तिला विनवून घेऊन आल्या होत्या.

सखाराम काठावर उभा होता. केस पांढरे, खांदे पडलेले. मावशींनी त्याला जवळ घेतलं नाही. म्हातारीला पुढे केलं. "पाह्य बाई. हा असा सोडला त्याहीनं. तुले काय म्हनाचं ते म्हन. मी मधात बोलत नाई."

सखाराम वाळूत खाली बसला. म्हातारी त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हातारा झाला की व हा. माहा त तेवढाच राह्यला."

आणि ती वळली, एकटी धारेतून परत गेली आणि गाडीत जाऊन बसली. मावशी खरोखरच मधे बोलल्या नाहीत. त्यांना न बोलताना मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.

मावशी मग मुलापाशी अलीकडेच राहिल्या आणि तिथेच वारल्या. शेवटपर्यंत भाकरी करपली म्हणून सखारामच्या बायकोवर नाही, तर चुलीवर रागावत. मला अजूनही मनातून वाटतं की त्या एका दिवशी कुठल्याही राज्याच्या कोर्टात झाला नाही असा काहीतरी न्याय त्या वाळूत झाला. पण त्याला काय म्हणावं ते माझ्या इंग्रजीत नाही, मराठीतही नाही. तुमच्या भांडणात कोण बरोबर, हेही मला सांगता येणार नाही. फक्त पुढच्या वेळी भांडाल तेव्हा मेलेल्याच्या घरच्या माणसासाठीही एक पान मांडून भांडा.

आता नदीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य आहे. त्या म्हातारीच्या घरचं कोणी उरलेलं नाही. सखाराम आहे. त्याला कमी दिसतं, आणि ठाण्यातली हजेरी कधीच बंद झाली तरी तो पलीकडे जात नाही.