पिवळी मेथी

करमाडच्या बसमध्ये शेजारच्या बाई मेथी निवडत होत्या. ताज्या काड्या चार-चार एकदम, पिवळट आल्या की एकेक पान.

मी लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमवर वैतागलो होतो. तासाभरात मोसंब्या निवडायचं यंत्र दाखवायचं होतं आणि फळांची वजनं चुकत होती. वेगासाठी मीच कोड संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपाइलरला एक पर्याय देऊन सांगितलं होतं, की त्याच ओळी पुन्हापुन्हा चालवणाऱ्या लूपच्या फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, चार-चार एकदम चालव.

बाई स्क्रीनकडं वाकल्या. "ही फेरी तर मागच्या फेरीचा आकडा घेतीय. तुम्हीच खोटं सांगितलं, त्यानं ऐकलं."

"मग तो पर्याय सगळीकडनं काढू?"

"नाय हो! एवढ्या लूपपुरता काढा. बाकीचे पळू द्या."

मी तेवढाच काढला. त्या शेंद्र्याच्या एमआयडीसीला कामावर उतरायच्या आत वजनं जुळली. नाव विचारायचं राहिलं. कोडमध्ये त्या लूपच्या डोक्यावर मात्र मी लिहून ठेवलंय, 'इथं मेथी पिवळी आहे. एकेक पान.'